कुष्ठरोग नियंत्रणाची सात दशके

(पंचायत सदस्य, शिक्षक व विकास अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

३० जानेवारी हा दिवस देशभर हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. कुष्ठरोग निवारण दिनही तोच. २०१७ पासून 'स्पर्श' जनजागृती अभियानाच्या निमित्ताने या दिवशी गावोगावच्या ग्रामसभांत कुष्ठरोगाविषयी निवेदन वाचले जाते आणि रुग्णाशी भेदभाव न करण्याची प्रतिज्ञा घेतली जाते. अशा वेळी ग्रामस्थांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. या रोगाचे दूरीकरण झाल्याची घोषणा केव्हाच झाली. मग दरवर्षी ही प्रतिज्ञा कशासाठी?

ही शंका अज्ञानातून आलेली नाही, म्हणून ती बाजूस सारता येत नाही. तिचे उत्तर मिळण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाची वाटचाल आरंभापासून पाहावी लागते. आणि ज्या आकड्यांवर ती घोषणा उभी होती, त्या आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो.

सेवेकडून नियंत्रणाकडे

कुष्ठरोगाचा जिवाणू नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून तो एका सूक्ष्म जिवाणूमुळे होतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. परंतु कारण कळले तरी औषध हाती नव्हते. कडूकवठाचे तेल टोचणे हाच काय तो उपाय, आणि त्याचा गुण बेताचाच. औषध नसलेल्या रोगावर समाजाने बहिष्काराचा तोडगा शोधला. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची आणि त्यांना काही व्यवसाय करण्यास मनाई करण्याची तरतूद केली.

या अंधारात सेवेचे दीप लागले, त्यांतील कित्येक महाराष्ट्राच्या भूमीत. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठपीडित परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, आणि कुष्ठरुग्णांच्या सेवेस आपल्या रचनात्मक कार्यक्रमात स्थान दिले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवनाच्या रूपाने कुष्ठमुक्तांच्या हातांना काम दिले.

ही सेवा थोर होती. पण ती रुग्ण संस्थेच्या दाराशी आल्यावर सुरू होत असे, आणि तोपर्यंत बहुधा त्याची बोटे गेलेली असत. गांधी स्मारक निधीच्या वतीने १९५१ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकर यांनी ही दिशा बदलली. रुग्णाने येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जाऊन तपासणी करावी, लोकांना रोगाची माहिती द्यावी आणि रुग्णावर त्याच्या घरीच उपचार व्हावेत, अशी ही पद्धत. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीने ती ओळखली जाऊ लागली. १९५५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हीच त्रिसूत्री त्याचा पाया ठरली.

डॅप्सोनचे दिवस

त्या कार्यक्रमाचे शस्त्र म्हणजे डॅप्सोन ही गोळी. ती स्वस्त होती, घरी घेता येत होती आणि तिने रोगाची वाढ थांबत असे. तथापि ती जिवाणूंना हळूहळूच नमवीत असल्यामुळे वर्षानुवर्षे, सांसर्गिक रुग्णांना तर जन्मभर, घ्यावी लागे. दोनचार वर्षांत चट्टे फिके पडले की रुग्णास बरे वाटे आणि गोळ्या सुटत. अर्धवट उपचारांतून तगलेले जिवाणू डॅप्सोनला दाद देईनासे झाले. १९६४ मध्ये मलेशियात अशा प्रतिकाराचा पुरावा मिळाला आणि पुढील दशकात तो निरनिराळ्या देशांत आढळू लागला. एकाच औषधावर विसंबून चालणार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

१९८१ च्या सुमारास देशात सुमारे चाळीस लाख कुष्ठरुग्ण असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय ठेवावे, अशी शिफारस केली. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसीन, क्लोफाझिमीन व डॅप्सोन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. बहुविध औषधोपचार प्रारंभी ज्या जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया हे जिल्हे होते.

या उपचारांनी मोठाच पालट घडविला. रिफाम्पिसीनच्या पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. म्हणजे रुग्णास घरापासून दूर ठेवण्याचे वैद्यकीय कारणच संपले. आजवर भारतात एक कोटीहून अधिक लोक या उपचारांनी रोगमुक्त झाले आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतके मोठे यश थोड्याच कार्यक्रमांच्या वाट्यास आले असेल.

घोषणा आणि तिचा अर्थ

१९८३ मध्ये देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे ५७.८ रुग्ण होते. डिसेंबर २००५ अखेर हे प्रमाण ०.९५ वर आले. जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ मध्ये ठरविलेली मर्यादा दहा हजारी एकाहून कमी अशी होती. त्या मर्यादेच्या आत आल्यामुळे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याचे जानेवारी २००६ मध्ये जाहीर करण्यात आले.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. निर्मूलन म्हणजे रोगाचे मूळच नष्ट होणे. देवीच्या रोगाचे तसे झाले. दूरीकरण म्हणजे रोगाचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली येणे. घोषणा दूरीकरणाची होती, पण बहुतेकांनी ती निर्मूलनाची म्हणून ऐकली. ग्रामसभेतील शंकेचे एक मूळ या गैरसमजात आहे.

दुसरे मूळ अधिक खोल आहे. ते दहा हजारी प्रमाण नेमके काय मोजते, या प्रश्नात आहे. हे प्रमाण म्हणजे त्या दिवशी उपचाराच्या नोंदवहीत नाव असलेल्या रुग्णांची संख्या. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या तालुक्यात दरवर्षी वीस नवे रुग्ण आढळतात असे समजावे. प्रत्येकास वीस वर्षे गोळ्या द्यावयाच्या असतील, तर काही काळाने नोंदवहीत चारशे नावे जमतील. उपचार दोन वर्षांवर आले की नावे चाळीस होतील, एका वर्षावर आले की वीस, आणि सहा महिन्यांवर आले की दहा. रोग होणाऱ्यांची संख्या मात्र या सर्व काळात वर्षाला वीसच राहिली. एकाही माणसाचा रोग टळला नाही, तरी नोंदवही चारशेवरून दहावर आली.

प्रत्यक्षातही उपचारांचा काळ असाच घटत गेला. जन्मभराच्या डॅप्सोनऐवजी बहुजिवाणू रुग्णास दोन वर्षे आणि अल्पजिवाणू रुग्णास सहा महिने उपचार आले; पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बहुजिवाणू रुग्णाचा काळ एक वर्षावर आला. ही घट रुग्णाच्या दृष्टीने वरदानच होय, आणि बरे झालेल्यांची नावे कमी होणे हेही न्याय्यच. तथापि ५७.८ पासून ०.९५ पर्यंतच्या उताराचा मोठा भाग रुग्ण लवकर बरे होऊ लागल्याचा आहे. रोग पसरणे तितक्या प्रमाणात थांबल्याचा तो पुरावा नव्हे.

नव्या रुग्णांचा आलेख

रोगाचा प्रसार किती होतो, हे नव्याने आढळलेल्या रुग्णांच्या संख्येवरून कळते. २००३-०४ मध्ये देशात सुमारे ३ लाख ६७ हजार नवे रुग्ण आढळले, तर २००५-०६ मध्ये सुमारे १ लाख ६१ हजार. दोनच वर्षांत संख्या निम्म्याहून खाली आली. हा आकडा विचार करावयास लावणारा आहे. कुष्ठरोगाच्या जिवाणूची एकदा दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षांहूनही अधिक काळ जातो. इतका मंदगती रोग दोन वर्षांत निम्मा होऊ शकत नाही. रोग तोच राहिला. त्याला शोधण्याची रीत बदलली.

ती बदलण्यास कारणेही होती. पूर्वी कुष्ठरोगासाठी स्वतंत्र यंत्रणा होती. अवैद्यकीय सहायक सायकलवरून वाडीवस्तीवर जाई आणि घरोघर अंग तपासून पाही. २००० नंतर हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले. त्याचा लाभ असा झाला, की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध विनामूल्य मिळू लागले आणि कुष्ठरुग्ण इतर रुग्णांच्याच रांगेत उभा राहू लागला. परंतु घरोघरचे सर्वेक्षण मागे पडले. संशयास्पद निदाने काटेकोरपणे पारखली जाऊ लागली, त्यामुळेही नोंदी घटल्या. रुग्णाने आपण होऊन यावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. आणि ज्या रोगात वेदना नाही, त्या रोगाचा रुग्ण आपण होऊन उशिरानेच येतो.

पुढील वर्षांचे आकडे हेच सांगतात. २०१४-१५ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर नऊ वर्षांनी, सुमारे १ लाख २६ हजार नवे रुग्ण आढळले. २०१६ मध्ये अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन कुष्ठरुग्ण शोधण्याचे अभियान सुरू झाले आणि २०१६-१७ ची संख्या १ लाख ३५ हजारांवर गेली. शोध वाढला, तसे रुग्ण वाढले. उलट २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे घरभेटी थांबल्या, तेव्हा संख्या १ लाख १४ हजारांवरून ६५ हजारांवर उतरली. त्या वर्षी कुष्ठरोग काही रजेवर गेला नव्हता. तपासणारे हात साथीच्या कामात गुंतले होते. २०२२-२३ मध्ये संख्या पुन्हा १ लाख ३ हजारांच्या पुढे गेली. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर हे पूर्वेकडील जिल्हे आणि पश्चिमेकडील पालघर यांत रोगाचा भार विशेष आहे.

अधिक बोलके दोन आकडे

यावरून सारे आकडे फसवे ठरत नाहीत. शोधाच्या कमीअधिक तीव्रतेतूनही सत्य सांगणारी दोन मापे आहेत.

पहिले माप म्हणजे नव्या रुग्णांतील मुलांचे प्रमाण. प्रौढास झालेला संसर्ग वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. आठ वर्षांच्या मुलास झालेला संसर्ग त्याच्या जन्मानंतरचाच असतो. त्या घरात वा शेजारात अद्याप न सापडलेला, उपचार न झालेला रुग्ण आहे, ही त्याची खूण होय. २०१४-१५ मध्ये नव्या रुग्णांत शेकडा नऊ मुले होती. त्यानंतर हे प्रमाण उतरत आहे, ही आशादायक गोष्ट आहे.

दुसरे माप निदानाच्या वेळीच दृश्य विकृती असलेल्या रुग्णांचे. बोटे वाकलेली, पायास भोक पडणारी जखम, डोळा न मिटणे अशा अवस्थेत रुग्ण प्रथमच सापडला, तर तो काही वर्षे उशिरा सापडला असा त्याचा अर्थ. असे रुग्ण २०१४-१५ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ४.४८ होते, २०१९-२० मध्ये ते १.९६ वर आले. शोधमोहिमा वाढल्या आणि उशिरा सापडणारे घटले, हे या कालखंडाचे खरे यश होय. दहा हजारी प्रमाणाहून हा उतार अधिक मोलाचा आहे, कारण यात वाचलेले हात आणि पाय मोजले जातात.

विकृती हा कुष्ठरोगाचा अटळ शेवट नाही. जिवाणू मज्जातंतूंवर आघात करतो आणि स्पर्शाची जाणीव जाते. चुलीवरचे भांडे उतरविताना बोट भाजले तरी बाईस कळत नाही. शेतकऱ्याच्या पायातून चप्पल निसटते, काटा रुततो, आणि त्यास पत्ता नसतो. न कळलेल्या जखमा चिघळतात. त्यांतून बोटे झडतात. औषधाने जिवाणू मरतो, पण मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. यास्तव संवेदना जाण्यापूर्वी रुग्ण सापडणे, हाच कार्यक्रमाचा गाभा आहे. पुढच्या अवस्थेत वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस या शस्त्रक्रियांचा पाया घातला. तरी शस्त्रक्रियेची वेळच न येणे केव्हाही चांगले.

कायद्याची मंद पावले

औषध पुढे गेले, कायदा मात्र मागे रेंगाळला. ज्या १९५५ साली नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याच साली झालेल्या हिंदू विवाह कायद्यात तीव्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद झाले. रोग साध्य झाल्यानंतरही अशा तरतुदी कित्येक दशके राहिल्या. ओडिशातील नगरपालिका कायद्यानुसार कुष्ठरुग्णास निवडणूक लढविण्यास असलेली मनाई २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली. केंद्रीय विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या अहवालात भेदभावाच्या तरतुदी रद्द करण्याची शिफारस केली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळण्यात आले. कायद्याने दार उघडले आहे. पण घरातील माणसांनी मन उघडल्याखेरीज रुग्ण आत येत नाही. लपविलेला रोग हाच पसरणारा रोग. भीतीपोटी जो आपला चट्टा झाकतो, तो स्वतःचे नुकसान करतोच, आणि नकळत घरातील मुलांचेही करतो.

गावपातळीवरील कर्तव्य

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत रोगाचा प्रसार खंडित करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठीचे एक नवे साधन २०१८ पासून वापरात आले. रुग्णाच्या निकट संपर्कातील निरोगी व्यक्तींना तपासणीनंतर रिफाम्पिसीनची एकच मात्रा दिली जाते. बांगलादेशातील ज्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत या एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांची संख्या शेकडा ५७ ने घटली. पण ही मात्रा शेजाऱ्यांना द्यावयाची तर रुग्णाची संमती लागते, आणि गावात बदनामीची भीती असेल तर तो संमती देणार नाही. वैद्यकशास्त्राचे नवे साधनही शेवटी गावाच्या वागणुकीवरच अवलंबून आहे, ते असे.

शिक्षकांना या कामी विशेष संधी आहे. मुलांच्या त्वचेवर फिकट वा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर पालकांशी खाजगीत बोलून मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. वर्गात त्याची चर्चा करू नये. शिबे वा गजकर्ण यांना खाज सुटते, पांढऱ्या कोडात स्पर्श कळतो. तरीही निदान डॉक्टरांवर सोपवावे. उपचार सुरू झालेल्या मुलास शाळेतून काढण्याचे काहीही कारण नाही.

पंचायत सदस्यांनी आशा स्वयंसेविका घरोघर येतात तेव्हा प्रथम स्वतःच्या घराची तपासणी करवून घ्यावी. सरपंचाच्या घरात तपासणी झाली, की इतरांचा संकोच आपोआप कमी होतो. स्त्रियांची तपासणी स्त्री कार्यकर्तीकडून होईल आणि कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची तपासणी ती परतल्यावर होईल, याकडे लक्ष द्यावे. रोगमुक्त झालेल्यांना घरकुल, निवृत्तिवेतन, रोजगार या योजनांचा लाभ मिळवून देणे हेही पंचायतीचेच काम आहे.

अधिकारीवर्गासाठी एक सूचना महत्त्वाची. एखाद्या गावाच्या नोंदवहीत वर्षभर एकही नवा रुग्ण नसेल, तर त्या शून्याचे अभिनंदन करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले जावेत. किती घरांत प्रत्यक्ष तपासणी झाली? जुन्या रुग्णांच्या घरची माणसे पुन्हा केव्हा तपासली गेली? शोधूनही मिळालेले शून्य हे यश होय. न शोधता मिळालेले शून्य म्हणजे कोरी वही. अधिक रुग्ण शोधणाऱ्या कर्मचाऱ्यास आपल्या भागात रोग वाढल्याबद्दल जाब विचारला गेला, तर पुढच्या वर्षी तो रुग्ण शोधणार नाही. त्याची शाबासकीच व्हावयास हवी.

ग्रामसभेतील त्या शंकेचे उत्तर आता देता येते. नोंदवहीतील नावे खूपच घटली आहेत आणि ते श्रेय मोठे आहे. परंतु दरवर्षी देशात लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडत आहेत, त्यांत मुलेही आहेत. सात दशकांच्या वाटचालीचा धडा असा, की औषध सापडल्याने रोग बरा होतो. तो संपतो मात्र रुग्ण वेळेवर सापडल्यानेच. औषध शासन देते, तपासणी आरोग्यसेवक करतात. सदरा वर करून पाठीवरचा चट्टा निर्भयपणे दाखविता येईल असे वातावरण निर्माण करणे हे फक्त गावाच्याच हाती आहे. ३० जानेवारीची प्रतिज्ञा त्यासाठी आहे, आणि ती वर्षातील उरलेल्या सर्व दिवशी पाळावयाची आहे.